किड्याच्या वेषातली माशी



शाळेच्या प्रयोगशाळेतले काचेचे कपाट तुम्हाला आठवत असेल. वरच्या फळीवर ओळीने बाटल्या. एकीत विंचू, एकीत तारामासा आणि एकीत फॉर्मॅलिनमध्ये पांढुरका पडलेला, दोन्ही कडांना झालर लावल्यासारखा दिसणारा एक लांबट किडा. चिठ्ठीवर नाव लिहिलेले : नेरीस. ‘वलयांकित प्राण्यांची उदाहरणे द्या’ या प्रश्नाला ‘गांडूळ, जळू, नेरीस’ हे उत्तर आपण सगळ्यांनी लिहिले आहे. गांडूळ शेतात भेटते, जळू ओढ्यात भेटते. नेरीस मात्र बहुतेकांना उत्तरपत्रिकेबाहेर कधी भेटलाच नाही.

आजचे भाषण या नेरीसबद्दल आहे. त्याला खाणाऱ्या एका माशाबद्दल आहे, आणि त्या माशासाठी पिसे, सशाची लव आणि दोरा घेऊन खोटा नेरीस बांधत बसणाऱ्या माणसांबद्दल आहे. त्या माणसांत मीही आहे, हे आधीच सांगून टाकते.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात वॉशिंग्टन नावाचे राज्य आहे. राजधानीचे वॉशिंग्टन वेगळे. ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. सिएटल शहर या राज्यात येते आणि संगणकाच्या नोकऱ्यांमुळे तिथे मराठी घरे आता पुष्कळ झाली आहेत. या राज्यात पॅसिफिक महासागराचा एक फाटा जमिनीत खोलवर शिरला आहे आणि पुढे त्याला हाताच्या बोटांसारख्या शाखा फुटल्या आहेत. त्याला प्युजेट साउंड म्हणतात. हिमयुगातल्या प्रचंड हिमनद्यांनी हा खोलगट भाग कोरून काढला. १७९२ साली जॉर्ज व्हँकुव्हर यांच्या मोहिमेतले लेफ्टनंट पीटर प्युजेट होड्या घेऊन याची पाहणी करायला आत शिरले, म्हणून त्यांचे नाव. अर्थात त्याआधी हजारो वर्षे तिथले मूळ रहिवासी या पाण्यावर जगत होते आणि त्यांची स्वतःची नावे होतीच.

कोकणातल्या माणसाला हे पाणी परके वाटायचे नाही. दक्षिणेकडच्या शेवटच्या बोटांत, ऑलिंपिया गावाजवळ, भरती-ओहोटीतला फरक सरासरीच सव्वाचार-साडेचार मीटर असतो. मुंबईच्या उधाणाची आठवण व्हावी इतका. पाणी ओसरले की गोटे, शिंपल्या, कालवे आणि चिखल यांचा रुंद पट्टा उघडा पडतो, आणि सहा तासांनी त्यावर पुन्हा दोन पुरुष पाणी असते. फरक एवढाच की पाणी बर्फासारखे गार. उन्हाळ्यातही त्यात फार वेळ उभे राहवत नाही.

या पट्ट्यावर चरणारा मासा म्हणजे समुद्रात जाणारा कटथ्रोट ट्राउट. कटथ्रोट म्हणजे गळा चिरलेला. जबड्याखाली दोन्ही बाजूंना नारिंगी-लाल रंगाचा एकेक ओरखडा असतो, त्यावरून हे नाव. शास्त्रीय नावातला ‘क्लार्काय’ हा शब्द १८०४ ते १८०६ या काळात पश्चिम किनाऱ्यापर्यंत गेलेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेतल्या विल्यम क्लार्क यांच्या स्मरणार्थ आहे. हातभर लांबीचा मासा म्हणजे मोठा. एरवी कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळे ठिपके शिंपडलेले, आणि खाऱ्या पाण्यात असताना त्यावर चांदीची झाक.

सामन मासा सगळ्यांना माहीत आहे. तो नदीत जन्मतो, महासागरात हजारो किलोमीटर फिरतो, परत येतो, अंडी घालतो आणि पॅसिफिकमधल्या बहुतेक जातींचे सामन तिथेच मरतात. कटथ्रोट त्याच घराण्यातला, पण स्वभावाने घरकोंबडा. तोही गोड्या पाण्यात जन्मतो. दोन-तीन वर्षांनी ओढ्यातून खाऱ्या पाण्यात उतरतो. पण उघड्या महासागराकडे जात नाही. किनाऱ्याला धरून, गुडघाभर ते दोन पुरुष पाण्यात, आपल्या ओढ्यापासून फार दूर न जाता तो हिंडत राहतो. खोल पाणी ओलांडायलाही सहसा तयार नसतो. हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात तो अंडी घालायला ओढ्यात चढतो. ओढा तरी केवढा? काही ठिकाणी परकर सावरून एका उडीत ओलांडता येईल एवढा. आणि अंडी घालून झाल्यावर, वाचलाच तर, तो पुन्हा समुद्रात येतो. पुढच्या वर्षी पुन्हा जातो. म्हणजे एका गावच्या किनाऱ्यावर दिसणारा मासा बहुधा त्याच पंचक्रोशीतला असतो, आणि पुढल्या वर्षी दिसेल तोही कदाचित तोच. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याची गरज लागणार आहे.

आता माशी. इंग्रजीत ‘फ्लाय’ म्हणजे माशी, आणि ‘फ्लाय फिशिंग’ म्हणजे खऱ्या आमिषाऐवजी गळावर पिसे, केस, दोरा बांधून केलेल्या खोट्या माशीने मासा धरणे. ही कला जुनी आहे. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या गळाच्या मासेमारीवरच्या पुस्तिकेत बारा प्रकारच्या माश्यांची कृती दिलेली आहे. पुढे तिथल्या स्वच्छ, संथ नद्यांवर या छंदाला भलतीच प्रतिष्ठा आली. पाण्यावर तरंगणाऱ्या नाजूक माशीची हुबेहूब नक्कल करणारा तो खरा रसिक, आणि गळाला गांडूळ टोचणारा तो गावंढळ, अशी वर्णव्यवस्थाच तयार झाली. अजूनही तिचे अवशेष आहेत. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सॅन वॉन नावाची नदी आहे. तिथल्या तांबड्या गांडुळाची नक्कल करणारी एक ‘माशी’ आहे. गळाला नुसता मखमली दोऱ्याचा तुकडा बांधलेला. मासे तिला भुलतात, आणि म्हणूनच की काय, कित्येक जाणकार ती डबीत लपवून ठेवतात. चारचौघांत काढायची लाज वाटते.

प्युजेट साउंडच्या किनाऱ्यावर ही लाज बाळगून भागत नाही. कारण इथला मासा किडे खातो. संशोधकांनी कटथ्रोट पकडून, नळीने पाणी सोडून त्यांच्या पोटातले अन्न हलकेच बाहेर काढून पाहिले आहे; मासा जिवंत सोडून देता येतो अशी ही पद्धत. त्यात सामनची पिल्ले निघतात, छोटे मासे निघतात, कोळंबीच्या जातीचे बारीक जीव निघतात, आणि निघतात हे चिखलातले किडे. नेरीस आणि त्याचे भाऊबंद.

बाटलीतल्या नेरीसवरून खऱ्या नेरीसची कल्पना येत नाही. जिवंत नेरीस हिरवट-तपकिरी असतो आणि उजेडात त्याच्या अंगावर मोरपिसासारखी निळी-जांभळी झाक खेळते. डोक्यावर चार डोळे, आजूबाजूला मिशांसारखे तंतू, आणि घशातून बाहेर काढता येणारे दोन काळे आकडेदार जबडे. बोटाला चावा घेतला तर कळते. प्रत्येक वलयाला दोन बाजूंना दोन वल्ही. पुस्तकातला ‘परापाद’ हा शब्द आठवतो? तेच ते. इथल्या किनाऱ्यावर जो नेहमी भेटतो त्याला लोक ‘पाइल वर्म’ म्हणतात, कारण धक्क्याच्या लाकडी खांबांवर शिंपल्यांच्या गर्दीत तो राहतो. वीतभर लांब. त्याचा एक चुलतभाऊ मात्र जवळजवळ मीटरभर लांब होतो. ओहोटीला दगड उलटताना तो प्रथम दिसला तेव्हा मी दगड जिथल्या तिथे ठेवून दिला होता.

एरवी हे किडे बिळात, दगडाखाली, चिखलात दडलेले असतात. माशाच्या तोंडी लागायचे त्यांना काही कारण नाही. पण वर्षातून एकदा त्यांच्या आयुष्यात जे घडते ते विलक्षण आहे. हिवाळा सरत आला की, जातीप्रमाणे थोड्या मागेपुढे, वयात आलेल्या किड्यांचे शरीरच बदलू लागते. डोळे मोठे होतात. अंगाच्या मागच्या भागातली वल्ही रुंद, पातळ, पंख्यासारखी होतात. पचनाची नळी आक्रसते. यापुढे त्याला खायचे नसते. आतली जागा अंड्यांनी किंवा वीर्याने भरते. रंग पालटतो. हे रूप इतके वेगळे असते की एकोणिसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी तो निराळाच प्राणी समजून त्याला ‘हेटेरोनेरीस’ असे निराळे नाव दिले होते. नंतर उलगडा झाला की हा आपला जुनाच नेरीस, फक्त लग्नाला निघालेला.

मग अंधाऱ्या रात्री जन्मभर चिखलात राहिलेला हा प्राणी बीळ सोडतो आणि उघड्या पाण्यात पोहत पृष्ठभागावर येतो. एक नाही, शेकड्यांनी. वेडीवाकडी वेटोळी घेत ते पाण्यात फिरतात, नर-माद्या आपापला ऐवज पाण्यात सोडून देतात आणि मरतात. परतीचा प्रवास नसतो. जगात इतर ठिकाणीही हे होते. सामोआ आणि फिजी बेटांवर पालोलो नावाचा किडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात चंद्राच्या ठरावीक तिथीला असा वर येतो, तेव्हा सगळे गाव जाळ्या घेऊन पाण्यात उतरते. तिथे तो आवडीने खातात. फ्लोरिडात तशाच किड्यांच्या मागे टार्पन नावाचे माणसाएवढे मासे येतात. प्युजेट साउंडमधला सोहळा इतका शिस्तबद्ध नाही. तो फेब्रुवारीपासून पुढे वसंतभर थोडाथोडा चालतो, आज या खाडीत तर उद्या त्या.

आणि सकाळी मागे उरलेले, दमलेले, ओहोटीच्या धारेबरोबर वाहत जाणारे किडे कटथ्रोटला आयते मिळतात.

तर असा किडा बांधायचा कसा?

मला हे शिकवले ते शेजारच्या एका निवृत्त सुताराने. टेबलाच्या कडेला बसवलेल्या छोट्या पकडीत गळ धरायचा. सहा किंवा आठ नंबरचा, लांब दांडीचा. या हिशेबात नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे ध्यानात आले की निम्मी भाषा समजते. पहिले काम म्हणजे चिमट्याने गळाच्या टोकाजवळचा उलटा दात दाबून सपाट करायचा. मग शेपूट : मॅराबू नावाने मिळणाऱ्या मऊ पिसांचा झुपका, गडद शेवाळी रंगाचा. हे नाव आफ्रिकेतल्या एका करकोच्याचे, पण आता पिसे असतात टर्कीची. कोरडी असताना ती कापसासारखी फुगतात, पाण्यात गेली की एकवटून सळसळतात. कोणी त्याऐवजी सशाच्या कातड्याची बारीक पट्टी लावतात. मग दांडीवर तपकिरी-तांबूस मखमली दोरा गुंडाळायचा, त्यावरून कोंबड्याच्या मानेचे पीस फिरवत आणायचे आणि वरचे-खालचे केस कात्रीने छाटून फक्त बाजूचे ठेवायचे. ही झाली वल्ही. शेवटी तांब्याची बारीक तार अंतराअंतराने वळवली की वलये दिसतात, आणि तोंडाशी पितळेचा एक छोटा मणी. मण्याच्या वजनाने दोरी सैल सोडली की डोके खाली जाते, ओढली की वर येते. किडा हलू लागतो.

सुरुवातीला मी डोळे काढत बसे. काळ्या दोऱ्याच्या चार बारीक गाठी, दोन्हीकडे दोन-दोन. म्हातारबुवा बघत होते. म्हणाले, ‘‘डोळे कशाला? मासा त्याच्या चेहऱ्याकडे बघून खात नाही. त्याला पोहता आले पाहिजे.’’

मला वाटते, या सगळ्या विद्येचे मर्म तिथे आहे. टेबलावर हुबेहूब दिसणारा किडा पाण्यात काडीसारखा ताठ पडतो. उलट हातात घेतल्यावर झाडूच्या तुकड्यासारखा दिसणारा किडा पाण्यात जिवंत होतो. दुकानांत रबरी किडे मिळतात, वलयावलयांसकट अचूक. मला त्यांत काही गंमत वाटत नाही. आणि लांबीचाही मोह आवरावा लागतो. खरा किडा वीतभर, म्हणून शेपूट वीतभर ठेवली तर मासा शेपटीचा लचका तोडून निघून जातो, गळ पुढेच राहतो. काही जण यावर उपाय म्हणून दोन तुकडे जोडून गळ शेपटीकडे बसवतात. त्यात लांब किडा छान वळवळतो, पण मागचा गळ मासा आत खोल ओढून घेण्याची शक्यता वाढते. मी बोटभर शेपटीवर थांबते. वीतभर किड्याचा आभास बोटभर पिसांतून झाला तर झाला.

पाण्यातले काम त्याहून सोपे आणि त्याहून अवघड. छोट्या माशाची नक्कल असेल तर दोरी झटपट, झटक्याने ओढतात, कारण मासा पळतो. किड्याला पळता येत नाही. तेव्हा प्रवाहाच्या वरच्या अंगाला माशी टाकायची, धारेबरोबर तिला वाहू द्यायचे आणि दोरी बोटांवर आठच्या आकड्यात गुंडाळत इंचाइंचाने घ्यायची. घाई केली की संपले. शिवाय आणखी एक गोष्ट. नवखा माणूस किनाऱ्यावर आला की तडक कमरेपर्यंत पाण्यात शिरतो आणि लांबवर फेक करतो. तोवर मासा त्याच्या मागे, घोटाभर पाण्यात चरून गेलेला असतो. आधी कोरड्यात उभे राहून पायाशी बघावे.

आता तुमच्या मनात असलेला प्रश्न. तो माझ्या आईने फोनवर कधीच विचारला आहे. प्युजेट साउंडच्या खाऱ्या पाण्यात पकडलेला रानटी कटथ्रोट ठेवता येत नाही. कायद्यानेच तो सोडून द्यावा लागतो. हे ऐकून आई म्हणाली, ‘‘अगं, सोडायचाच तर धरतेस कशाला? खायला धरला तर मी समजू शकते. त्या मुक्या जिवाला उगीच त्रास.’’

याला सोपे उत्तर नाही, आणि मी ते देण्याचा आव आणणार नाही. देवगडला माझे मामा आहेत. ते खाडीत गरवायला बसतात; गरीला कोळंबी नाहीतर चिखलातले किडे लावतात; मिळेल तो मासा घरी आणतात, मामी त्याचे कालवण करते. त्या व्यवहाराला कुठेच सांधा निसटलेला नाही. माझ्या व्यवहारात आहे. मी धरते ते मला त्या माशाला पाहायचे असते, त्याच्या पाण्याचा हिशेब आपल्याला लागला का हे तपासायचे असते, आणि अर्थात त्यात मौज असते म्हणून. या मौजेची किंमत मासा देतो.

पण ती किंमत किती असावी, हे थोडेफार आपल्या हातात आहे. मामा एकदा म्हणाले, ‘‘तिकडे किडे मिळतात ना चिखलात? मग तेच लाव की. पिसांचा खटाटोप कशाला?’’ खरा किडा लावला तर मासा तो बिनदिक्कत गिळतो आणि गळ घशात, पोटात रुततो. असा मासा सोडून दिला तरी पुष्कळदा मरतो. खोटा किडा तोंडात घेताच त्याला चव लागत नाही, तो थुंकायला बघतो, आणि गळ ओठाच्या कडेला लागतो. ट्राउट माशांवर झालेल्या अभ्यासांतून हे वारंवार दिसले आहे की खऱ्या आमिषाने धरून सोडलेल्या माशांतले मरणाचे प्रमाण माशीने धरलेल्यांपेक्षा बरेच जास्त असते. म्हणजे ज्याला मासा घरी न्यायचा आहे त्याने खरा किडा लावणे रास्त आहे. ज्याला सोडायचा आहे त्याला पिसांवाचून गत्यंतर नाही. मामांना हे पटले. आईला नाही.

खरी अडचण याच्याही पुढे आहे, आणि आमच्या मंडळींत ती मोकळेपणाने बोलली जात नाही. किड्यांचा हंगाम कोणता? फेब्रुवारी ते मे. कटथ्रोट अंडी घालायला ओढ्यात जातो तो काळ कोणता? तोच. मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याच्या मुखाशी जे मासे मिळतात त्यांतले कित्येक नुकतेच अंडी घालून उतरलेले असतात. पोट खपाटीला गेलेले, डोके मोठे आणि अंग सडपातळ, झळाळी गेलेली. बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात जसे अन्न लागते तसे त्यांना अन्न लागत असते. आणि नेमके त्याच वेळी निसर्गाने दोन ताटे मांडून ठेवलेली असतात : एक, ओढ्यांतून समुद्रात निघालेली चम सामनची बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्ले, आणि दुसरे, हे किडे. त्या भुकेमुळेच तर किड्याची माशी इतकी चालते. आपण कौशल्य म्हणतो त्यातला बराच वाटा त्यांच्या उपासमारीचा असतो.

काही जण म्हणतात, नियमाप्रमाणे सोडतोच ना, मग झाले. काहींचे म्हणणे आहे की वसंतात ओढ्यांची मुखे मासेमारीला बंदच करावीत. मी दुसऱ्यांच्या बाजूची आहे. कायदा होईल तेव्हा होवो. मार्च-एप्रिलमध्ये मी ओढ्याच्या मुखापासून लांबच्या किनाऱ्यावर जाते. सडपातळ मासा लागला की दोरी गुंडाळते आणि त्या दिवसापुरते थांबते. मासा पाण्याबाहेर काढत नाही. ओल्या हाताने गळ धरून वळवला की दात नसलेला गळ आपसूक सुटतो. कोरड्या हाताने धरले तर त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचे रोगापासून रक्षण करत असतो. छायाचित्रासाठी मासा छातीशी धरून हसणाऱ्यांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. मघाशी म्हटले तेच पुन्हा : हा मासा लांबच्या देशातून आलेला पाहुणा नव्हे. एका ओढ्याचे असे मासे मोजकेच असतात. सहा जणांनी एकाच सकाळी तेच मासे पुन्हा पुन्हा धरले, तर कागदावर एकही मासा मेलेला नसतो आणि ओढ्यात पुढच्या वर्षी कमी मासे येतात.

तरीही, खरे सांगायचे तर गळापेक्षा मोठे संकट काँक्रीटचे आहे. प्युजेट साउंडचा पाव भागाहून अधिक किनारा दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतींनी बांधून काढलेला आहे. समुद्रासमोरचे घर खचू नये म्हणून प्रत्येकाने आपापल्या अंगणापुढे भिंत घातली. पण या किनाऱ्यावरची वाळू आणि बारीक रेती येते ती मागच्या मातीच्या कड्यांची धूप होऊनच. भिंत घातली की रेतीचा पुरवठा थांबतो. लाट भिंतीवर आपटून परत येते आणि पायथ्याचे बारीक सारीक धुऊन नेते. हळूहळू पुळण खाली जाते, नुसते गोटे उरतात. भरतीच्या रेषेजवळच्या बारीक रेतीत अंडी घालणारे छोटे मासे तिथून उठतात. त्यांच्यावर जगणारे मोठेही उठतात. मऊ गाळातले किडेही मग राहणार कुठे? मामांना हे फोनवर सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘‘आमच्याकडे धूपप्रतिबंधक बंधारा घातला, तेव्हा आम्ही गावाने पेढे वाटले.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘शेजारच्या वाडीची पुळण मात्र गेली.’’

प्युजेट साउंडच्या काठी आता काही ठिकाणी अशा भिंती काढून त्या जागी ओंडके, रेती आणि झाडे लावून किनारा पुन्हा उतरता करतात. खर्चाचे आणि वेळखाऊ काम आहे. घर खरोखर कड्यावर टेकले असेल तर ते शक्यही होत नाही. पण जिथे झाले आहे तिथे भरतीच्या रेषेवर वाळलेल्या शेवाळाचा पट्टा पुन्हा साचतो आणि त्याखाली बारीक उडते जीव परत दिसू लागतात. किड्यांचे काय झाले हे बघायला मी ओहोटीला फावडे घेऊन जात नाही. दगड उचलते, बघते, आणि जसा होता तसा पालथा ठेवते. उताणा ठेवलेला दगड म्हणजे खालच्या सगळ्यांचे छप्पर उडाले.

श्रोत्यांपैकी अनेकांची मुले तिकडे आहेत आणि तुम्ही सहा-सहा महिने त्यांच्याकडे राहायला जाता, हे मला ठाऊक आहे. मॉल आणि धबधबे पाहून झाले असतील. मार्च-एप्रिलमध्ये तिकडे असाल तर एका रात्री मुलाला किंवा सुनेला गाडी काढायला सांगा. लोकांसाठी खुला असलेला, पाण्यावर दिवा असलेला एखादा छोटा धक्का शोधा. वाऱ्याची रात्र नको. पाणी निवांत हवे. चांदणे नसेल तर उत्तम. जाड कोट, टोपी आणि थर्मासमध्ये चहा घ्या, कारण थंडी हाडात शिरते. दिव्याखालच्या उजेडाच्या गोलात नुसते बघत राहा. पहिला अर्धा तास काही दिसणार नाही. काही रात्री मुळीच दिसत नाही. तेव्हा चहा पिऊन घरी जावे. पण एखाद्या रात्री खालच्या काळोखातून एक तांबूस रेघ वेटोळे घेत वर येते, मग दुसरी, मग मोजता येऊ नयेत इतक्या. आणि उजेडाच्या कडेला, जिथे नीट दिसत नाही तिथे, पाणी एकदम डचमळते.